गाडीचा नंबर भारताचा, नर्सचा मात्र राज्याचा

इथं बदलून आल्यावर नवी गाडी घेतली आणि तिला बीएच नंबर मिळाला. बीएच म्हणजे भारत. ही मालिका २०२१ च्या सप्टेंबरपासून सुरू झाली. त्याआधीच्या बदल्यांत गाडीचे हाल काय व्हायचे ते फौजी वाचकांना सांगायला नको. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिलं की गाडीची तिथं नव्यानं नोंदणी. त्यासाठी जुन्या आरटीओची एनओसी, नव्या राज्याचा रोड टॅक्स आणि जुन्या राज्यात भरलेला टॅक्स परत मिळवण्याची खटपट. माझी जुनी गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेली, पण तिचे कागद तिच्या दीड वर्ष मागे राहिले. सरकारला कुठंतरी पटलं, की ज्यांची नोकरीच बदलीची, त्यांच्या गाडीला राज्याच्या सीमेवर अडवण्यात अर्थ नाही. निर्णय चांगलाच झाला.

नंबर प्लेट लागली त्याच आठवड्यात एक हवालदार अर्ज घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. आपल्याकडचे, कोल्हापूर भागातले. सोळा वर्षं सर्व्हिस, रेकॉर्ड स्वच्छ. फील्डमधून आल्यावर फॅमिली क्वार्टर मिळालं होतं आणि पाच वर्षांनी बायको-मुलगी जवळ आल्या होत्या.

"साहेब, घरातल्यांची नोकरी अडकलीय," ते म्हणाले.

त्यांच्या पत्नी बीएस्सी नर्सिंग झालेल्या. शिक्षण एका राज्यात, सासर दुसऱ्या राज्यात आणि आमची छावणी तिसऱ्या राज्यात. राज्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. नावं लिहिली की वाद त्या राज्यावर जातो, आणि हा प्रश्न कुठल्याही एका कचेरीचा नाही. शिकल्या त्या राज्याच्या नर्सिंग परिषदेत त्यांची पहिली नोंदणी झाली. लग्नानंतर ती सासरच्या राज्यात बदलून घेतली. तिथं तालुक्याच्या दवाखान्यात चार वर्षं काम केलं, त्यातली दोन वर्षं प्रसूती विभागात. इथं छावणीपासून सहा किलोमीटरवरच्या एका खासगी रुग्णालयानं मुलाखत घेतली, निवडही केली आणि मग विचारलं, "या राज्याचं रजिस्ट्रेशन कुठं आहे?"

आता माझी चूक सांगतो. मला राग आला. मी शिकलेला माणूस, विद्यापीठांबद्दल मला थोडंफार कळतं असा माझा समज. त्यांची पदवी मान्यताप्राप्त विद्यापीठाची होती, आणि अशी पदवी देशभर पदवी म्हणूनच धरली जाते. मी तसं एक कडक पत्र तयार केलं आणि ते घेऊन स्वतःच रुग्णालयाच्या व्यवस्थापकाकडे गेलो. त्यांनी चहा मागवला, पत्र शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "कर्नलसाहेब, पदवीबद्दल मला काहीच शंका नाही. पण उद्या रात्रपाळीत एखादं इंजेक्शन चुकलं, तर चौकशीत पहिला प्रश्न येईल की या नर्सची नोंद कुठे आहे. त्या वेळी मी तुमचं पत्र दाखवू का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चहा पिऊन पत्र खिशात घालून परत आलो.

परतताना लक्षात आलं, की हा फरक तर मी स्वतः जगलेलो आहे. माझी पदवी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची आहे. त्या विद्यापीठाच्या आवारात मी एक दिवसही शिकलो नाही. तीन वर्षं खडकवासल्याला काढली. एनडीएच्या कॅडेटला पदवी जेएनयू देतं. पण त्या पदवीवर मला कुणी तीस जवान सोपवले नाहीत. त्यासाठी पुढं डेहराडूनला एक वर्ष घासून घेतलं, आणि मग राष्ट्रपतींचं कमिशन मिळालं. पदवी सांगते की हा माणूस शिकला. कमिशन सांगतं की याच्यावर जबाबदारी टाकली आहे, आणि चुकला तर याला जाब विचारणारा कुणीतरी आहे. नर्सची पदवी आणि नर्सची नोंदणी यांत हाच फरक आहे. विद्यापीठ शिकवतं, परीक्षा घेतं आणि मोकळं होतं. परिषद नाव वहीत लिहिते आणि चूक गंभीर असेल तर ते नाव खोडूही शकते. ज्याच्या हातात दुसऱ्याचा जीव असतो, त्याच्यासाठी ही दुसरी वही हवीच. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. माझं कमिशन मी कुठल्या राज्यात उभा आहे हे विचारत नाही. नर्सची नोंदणी मात्र विचारते.

आपल्या राज्यघटनेत विद्यापीठांचं शिक्षण आणि वकिली, वैद्यकी यांसारखे व्यवसाय समवर्ती सूचीत आहेत. म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणं केंद्राकडे, रुग्णालयं राज्यांच्या सूचीत. या वाटणीतून प्रत्येक व्यवसायाची वेगळी रीत तयार झाली. चार्टर्ड अकाउंटंटचा कायदा १९४९ चा. संस्था एक, नोंदवही एक, देशभर चालते. आर्किटेक्टचा कायदा १९७२ चा, तिथंही देशाची एकच परिषद. वकिलांची गोष्ट मधली. १९६१ च्या कायद्यानुसार वकिलाचं नाव एका राज्याच्या बार कौन्सिलच्या यादीत असतं, पण वकिली करण्याचा हक्क देशभर. हा हक्क देणारं कलम ३० कायद्यात पहिल्यापासून होतं, पण ते अमलात आलं २०११ मध्ये. पन्नास वर्षं ते कलम नुसतं छापलेलं होतं. आणि वकिलाला यादी बदलून दुसऱ्या राज्यात जायचं असेल, तर बदली विनाशुल्क व्हावी असं त्याच कायद्याचं कलम १८ सांगतं.

नर्स आणि फार्मासिस्ट यांच्याकडे या. भारतीय नर्सिंग परिषदेचा कायदा १९४७ चा. अभ्यासक्रम आणि दर्जा देशासाठी एक, पण नोंदणी राज्याच्या परिषदेत. महाराष्ट्राचा स्वतःचा नर्सेस कायदा १९६६ चा आहे. फार्मसीचा कायदा १९४८ चा, तिथंही नोंदवही राज्याची. म्हणजे पुस्तक तेच, इंजेक्शन तेच, शरीरशास्त्र तर तेच तेच, आणि तरी सीमा ओलांडली की पुन्हा अर्ज, पुन्हा फी, जुन्या राज्याची एनओसी आणि कागदपत्रांची पडताळणी. जुन्या गाडीसारखंच.

बेळगावकडच्या वाचकांना हे लवकर समजेल. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावात असल्यामुळे त्या भागाशी आपल्यातल्या कित्येकांचा जन्माचा संबंध. बेळगावातल्या नर्सिंग कॉलेजची पदवी बेंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, आणि चंदगड-गडहिंग्लजकडच्या कॉलेजची पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. मुली त्याच घरांतल्या, भाषा तीच, सोयरीकही दोन्हीकडची. लग्न होऊन मुलगी सीमेच्या या अंगाला आली की तिच्या पदवीला काही होत नाही, पण नोंदणीला नवं सासर करावं लागतं.

शिक्षिकांचंही थोडंफार असंच. माझी पत्नी पुण्याची, बी.एड. शिक्षण हक्क कायद्यानंतर पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी पात्रता परीक्षा आली. केंद्राची सीटीईटी २०११ पासून, राज्यांच्या टीईटी वेगळ्या. आधी प्रमाणपत्र सात वर्षं चालायचं, २०२१ मध्ये ते आयुष्यभराचं झालं. पत्नीनं सीटीईटी दिली होती, त्यामुळे केंद्रीय विद्यालयांत तिला कंत्राटी का होईना, काम मिळत गेलं. राज्याच्या शाळेत मात्र बहुतेक ठिकाणी विचारणा राज्याच्या परीक्षेची आणि स्थानिक भाषेची. सात पोस्टिंगांत तिनं पाच शाळा केल्या. प्रत्येक शाळेत ती नवी होती. तिची माझ्याकडे तक्रार नाही, पण तिच्याबरोबर शिकलेल्या मैत्रिणी आज मुख्याध्यापिका आहेत हे मला माहीत आहे आणि तिलाही.

आता दुसरी बाजू. ती ऐकल्याशिवाय मत बनवणं म्हणजे रेकी न करता हल्ला करणं. राज्यं अशी अडवतात यामागे नुसता आडमुठेपणा नाही. खोटी प्रमाणपत्रं हा काल्पनिक धोका नाही. भिंती आहेत पण रुग्ण नाहीत अशी कॉलेजं आपल्या देशात निघालेली आहेत. पडताळणी न करता कुणालाही वहीत घ्यावं असं मी म्हणणार नाही, कारण त्या पलंगावर उद्या माझी आईही असू शकते. दुसरा मुद्दा भाषेचा. रात्री तीन वाजता म्हातारी काय म्हणतेय ते नर्सला कळलंच पाहिजे. तिसरा मुद्दा जबाबदारीचा. नर्सनं चूक केली एका राज्यात आणि तिचं नाव दुसऱ्या राज्याच्या वहीत, तर तक्रार कुणाकडे करायची?

तिन्ही मुद्दे खरे आहेत. पण या तिन्हींवर बारा-चौदा महिने वाट बघायला लावणं हा इलाज नाही.

भाषेचं बघा. माझी पहिली पलटण बहुतांशी तमिळ जवानांची होती. रेजिमेंटचा दंडक असा, की अधिकाऱ्यानं जवानाची भाषा शिकायची. मी सहा महिन्यांत मोडकीतोडकी का होईना शिकलो, लंगरमध्ये बसून, चुका करत आणि हसू करून घेत. मला कमिशन देण्याआधी कुणी तमिळचं प्रमाणपत्र मागितलं नव्हतं. भाषा कामावर शिकली जाते आणि ती येते की नाही हे कामावरच कळतं. एनओसीच्या कागदावरून ते कळत नाही.

जबाबदारीचं म्हणाल तर उत्तर आपल्याच घरात आहे. लष्करी परिचर्या सेवेत यायला राज्याच्या नर्सिंग परिषदेची नोंदणी लागते. केरळमध्ये नोंदलेली मुलगी सेवेत येते आणि पुढं लेह, उधमपूर, जोधपूर, पुणे, जिथं हुकूम होईल तिथं रुग्ण सांभाळते. दर बदलीला तिला नवं रजिस्ट्रेशन काढावं लागत नाही. आजवर त्यामुळे कुणाचा जीव गेला असं मी ऐकलं नाही. छावणीच्या कुंपणाआत जी नोंदणी जवानाच्या जिवाला पुरेशी आहे, ती कुंपणाबाहेर सहा किलोमीटरवर अपुरी का पडते?

खोट्या कागदांचं उत्तर तर आज तंत्रज्ञानात आहे. नर्सच्या नोंदणीचं देशव्यापी ऑनलाइन रजिस्टर सुरू झालेलं आहे, त्यात प्रत्येकीला एक राष्ट्रीय क्रमांक मिळतो. २०२३ मध्ये संसदेनं नर्सिंग आणि प्रसूतिसेविकांसाठी नवा कायदा केला, त्यात राष्ट्रीय आयोग, राज्य आयोग आणि राष्ट्रीय नोंदवही यांची तरतूद आहे. पाया चांगला आहे. पण कायद्याचं पान आणि खिडकीमागचा कारकून यांच्यात किती अंतर असतं ते वकिलांच्या कलम ३० नं दाखवून दिलंय.

म्हणून माझं मागणं साधं आहे. राज्याच्या परिषदा राहू द्या. त्यांचा चौकशीचा आणि शिक्षेचा अधिकार राहू द्या. फक्त दुसऱ्या राज्यातून आलेल्या नोंदणीकृत नर्सला, फार्मासिस्टला अर्ज दिल्याच्या दिवशी तात्पुरती परवानगी द्या. पडताळणी दोन परिषदांनी आपापसांत, ऑनलाइन करावी. त्यासाठी त्या बाईला रेल्वेनं पाठवू नये. तीस दिवसांत हरकत आली नाही तर परवानगी पक्की. आणि ती जिथं काम करते, तिथल्या परिषदेला तिच्यावर कारवाईचा पूर्ण अधिकार. हे सगळ्यांसाठी एकदम जमत नसेल, तर बदलीच्या नोकरीतल्या कुटुंबांपासून सुरुवात करा. बीएच नंबरची सुरुवातही अशाच लोकांपासून झाली: सैनिक, सरकारी कर्मचारी आणि चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या कंपन्यांचे नोकर. अमेरिकेतही परवाने राज्याराज्यांचेच आहेत. तिथं २०२३ च्या जानेवारीत कायदा बदलून सैनिकाच्या जोडीदाराचा व्यावसायिक परवाना बदलीच्या राज्यात चालेल अशी सोय केली. त्यांना जमलं, ते आपल्याला अवघड नाही.

माजी सैनिकांनी हे आपलं दुखणं नाही असं समजू नये. मॅट्रिक झालेल्या आणि पंधरा वर्षं सेवा केलेल्या माजी सैनिकाला केंद्राच्या गट क मधल्या पदवी मागणाऱ्या कित्येक पदांसाठी पात्र धरतात, हे आपल्याला माहीत आहे. त्या नियमात तांत्रिक आणि व्यावसायिक कामाची पदं वगळलेली आहेत, हेही निवृत्तीच्या वेळी कळतं. म्हणजे सरकार आपल्याला पदवीच्या बरोबरीचं मानतं, पण परवाना देत नाही. आणि जवान चाळिशीच्या आतबाहेर घरी येतो. त्या वेळी मुलं दहावी-बारावीत असतात. घरात दुसरा पगार असला तर तो माणूस मिळेल ती सिक्युरिटीची नोकरी न पकडता सहा महिने थांबून नीट काम शोधू शकतो. त्या दुसऱ्या पगाराचा पाया नोकरीच्या वर्षांत घातला जातो. आणि तिची वर्षं जातात रांगेत.

हवालदारांच्या पत्नीनं अर्ज केला. सासरच्या राज्याकडून एनओसी हवी होती. त्यांनी सांगितलं, मूळ नोंदणी दुसरीकडची, तिथून पडताळणीचं पत्र आणा. हवालदार रजेवर गेले ते शेतीच्या कामाऐवजी दोन राज्यांच्या कचेऱ्या करून आले. मी पत्रं लिहिली, फोन केले. प्रत्येक ठिकाणी माणसं सभ्य बोलली आणि प्रत्येकानं पुढच्या खिडकीचा पत्ता दिला. रुग्णालयानं तीन महिने जागा रिकामी ठेवली, मग दुसरीला घेतलं. त्यांचंही चुकलं नाही.

या काळात त्या बाई क्वार्टरमध्ये मुलांच्या शिकवण्या घेत होत्या. एकदा शेजारच्या ब्लॉकमध्ये एकीला रात्री अचानक कळा सुरू झाल्या, आठव्या महिन्यात. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत वीस मिनिटं ह्याच तिथं होत्या. लष्करी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी नंतर मला विचारलं, "ती नर्स कुठं काम करते?" मी म्हणालो, कुठंच नाही. त्यांना वाटलं मी गंमत करतोय.

चौदाव्या महिन्यात हवालदारांची बदलीची ऑर्डर आली. काळ्या पेट्यांवर पांढऱ्या रंगात नवं ठिकाण लिहिलं गेलं. निघताना दोघं भेटायला आली. मी म्हणालो, तुमचं काम माझ्याच्यानं झालं नाही. बाई म्हणाल्या, "राहू द्या साहेब. मुलीला बारावीनंतर नर्सिंगला घालायचं म्हणत होतो, आता बँकेच्या परीक्षेचं बघू."

ते गेल्यावर पाच आठवड्यांनी त्यांच्या क्वार्टरच्या पत्त्यावर परिषदेचं पाकीट आलं. नोंदणी मंजूर. मी ते दुसऱ्या पाकिटात घालून त्यांच्या नव्या पत्त्यावर रजिस्टरनं पाठवलं. तो पत्ता चौथ्या राज्यातला होता.